अर्धं तिकीट

दसऱ्याला घातलेला झेंडूचा हार
अजून बॉनेटवर होता, कडा करपलेल्या,
आणि कात्रजच्या बोगद्यात शिरताना
अण्णांनी हात जोडले.
बोगद्याला की हाराला, त्यांचं त्यांना ठाऊक.

गाडी मी चालवत होते.
शेजारी ते, मोतीबिंदूनंतरचा काळा चष्मा लावून.
मागे आई, मांडीवर दशम्यांचा डबा,
सुहास, त्याची मृण्मयी,
आणि दोघांच्या मध्ये, लिंबू हुंगत,
सहा वर्षांचा कैवल्य.

एकतीस वर्षं भोर डेपोत.
सकाळी साडेसहाची महाड.
आता त्यांचा उजवा पाय
माझ्या गाडीच्या पत्र्यावर
नसलेला ब्रेक दाबत राहतो.
मी बघते. बघत नाही असं दाखवते.

"सेकंड टाक."
टाकला.
"हॉर्न दे."
समोर कोणी नाहीये, अण्णा.
"कोणी दिसत नाहीये."

भोर मागे पडलं तसं ऊन पिकत गेलं.
खाचरांत भात पिवळा, लोंब्या खाली मान घालून,
काच उतरवली तर आंबेमोहराचा वास,
आईने लगेच विचारलं, काय भाव असेल गं.
धरणाचं पाणी काठोकाठ, हलत नव्हतं.
मग डोंगर.
पावसाळ्यात फोटोला येतात ते डोंगर नव्हेत;
धबधब्यांच्या जागी काळ्या ओल्या रेघा,
गवत शेंड्याकडून तांबूस व्हायला लागलेलं,
आणि उतारभर सोनकी, हळद सांडून
कुणी झाडायला विसरल्यासारखी.

वाघजाईला भजी खाल्ली.
माकडाने मृण्मयीची ओढणी नेली आणि परत टाकली.
कैवल्यला दोनदा उलटी झाली, तिसऱ्यांदा नुसतीच भीती.

देवळानंतर चौथं वळण असेल.
"इथे घे. कडेला."
मला वाटलं, चक्कर.
सुहासला वाटलं, अपघात, जुना,
आपल्याला न सांगितलेला.
अण्णा उतरले, चपला नीट घातल्या,
आणि वर बघत उभे राहिले.
कारवीतून एक पायवाट, म्हणजे पूर्वीची;
आता कमरेएवढं गवत.

"वर धनगरवाडा होता. आठ-दहा घरं.
एक पोरगी बिरवाडीच्या शाळेत जायची.
इथे थांबा नाही.
ती पळत यायची वरून, दप्तर डोक्यावर.
कधी पाच मिनिटं, कधी दहा.
मी इंजिन बंद करून थांबायचो.
लोक शिव्या द्यायचे. कंडक्टर तर रोज."
"नाव काय होतं?" आईने विचारलं.
"विचारलं नाही.
अर्धं तिकीट होतं तिचं."

मी स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत होते.
हा तोच माणूस,
मामाच्या लग्नाला मला वेणी घालायला उशीर झाला
तर आईला घेऊन पुढे निघून गेलेला.
पाटावर कोणी यायच्या आत
चित्राहुती घालून मोकळा होणारा.
ती आठवीत असेल तेव्हा मी सातवीत असणार.
हिशेब करायचा नव्हता. झाला.

पुढे? तिचं काय झालं?
"एका दिवाळीनंतर आलीच नाही.
आठवडाभर थांबलो तरी.
मग थांबलो नाही."

वाऱ्याने गवत एका बाजूला पडलं, उठलं.
एक रिकामा टेम्पो हॉर्न न देता वळला
आणि अण्णांनी त्याला मनापासून शिवी दिली.

परत निघालो तेव्हा साडेचार.
पलीकडच्या कड्याची सावली
आमच्या रस्त्यावर येऊन बसलेली.
मी चावी फिरवली, गिअर टाकला,
आई म्हणाली चला, सुहास म्हणाला चला,
सगळे आत, दारं लागली.

"थांब," अण्णा म्हणाले.

कैवल्य राहिला होता.
दगडामागे लघवीला गेलेला,
आता सोनकीची मूठ घेऊन,
चड्डी एका हाताने सावरत,
उतारावरून येत होता, पळत नव्हता अजिबात.

मी इंजिन बंद केलं.